राखण

दारू सुटली की माणूस खरं बोलायला लागतो, असा बाहेरच्यांचा समज आहे. तसं काही होत नाही. बाटली जाते, पण ती लपवताना लागलेली खोटं बोलायची सवय मागे उरते. हत्ती गेला तरी शेपूट राहतंच. म्हणून आमच्या गटात नवा माणूस आला की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघतो. तोंड काहीही सांगतं. हाताला तेवढी अक्कल नसते.

मी गजानन तोडकर. एके काळी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचो. सांगलीतल्या अर्ध्या वराती मी वाजवल्या आणि उरलेल्या अर्ध्यांत रस्त्यावर पडलो. दारू सुटून आता बराच काळ लोटला. संध्याकाळी एका शाळेतल्या तिसरीच्या वर्गात आमचा गट बसतो. बाकं पोरांची, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागतात. एवढ्याशा बाकावर बसून कुणाला मोठेपणा मिरवता येत नाही, हा त्या वर्गाचा गुण.

विश्वजित चौगुले गटात आला तेव्हा त्याच्या गळ्याखालच्या हाडापाशी छोटी चिकटपट्टी होती. रिक्षांच्या बॅटऱ्या बदलून द्यायचं त्याचं दुकान आहे, वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर, पहिलवानी बांधा. पट्टीखाली काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला त्या सुमारास राखण बसवली जात होती.

राखण म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी चकती. ती कातडीखाली बसते, वर कायम पट्टी असते, अंगातल्या पाण्यातून ताणाची रसायनं मोजते, नाडी आणि झोप यांच्यावर लक्ष ठेवते आणि माणसाचा आवाज ऐकते. केंद्रातल्या निकिता मॅडमनी एकदा आमच्या गटाला समजावून सांगितलं होतं. "पिणं हे सगळ्यात शेवटचं असतं," त्या म्हणाल्या. "माणूस ग्लास हातात घेतो त्याच्या कितीतरी आधी घसरायला लागलेला असतो. पहिल्यांदा मन घसरतं. झोप उडते, चिडचिड होते, माणूस एकटा राहायला लागतो. मग डोकं घसरतं, एकदाच घेतली तर काय बिघडतं, हा हिशेब सुरू होतो. हात शेवटी घसरतो. आजवर आपल्याला फक्त हात दिसायचा. राखणीला मन दिसतं."

लाखो रुग्णांच्या नोंदींवर ते यंत्र शिकलेलं होतं. कुणाचं मन कोणत्या कारणानं घसरतंय, हे ते चार-सहा दिवस आधी सांगायचं, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचं. एक आकडा आणि एक रंग. हिरवा, पिवळा, तांबडा.

पण तो आकडा रुग्णाला दिसायचा नाही. सुरुवातीला दाखवून बघितला होता म्हणे. आपला आकडा चढलेला पाहून माणसं घाबरायची, घाबरली की तो आणखी चढायचा, आणि शेवटी आकड्याच्या भीतीनंच प्यायची. मग नियम झाला की आकडा घरच्या एका माणसाच्या फोनवर जाईल. त्या माणसाला राखणदार म्हणायचं. घरात वादळ येणार की नाही हे सगळ्या घराला माहीत, ज्याच्या पोटात ते उठणार तो तेवढा अंधारात.

विश्वजितची राखणदार त्याची बायको हर्षदा.

वर्षभर सगळं छान चाललं, हे मी मान्य केलं पाहिजे. मी जुन्या वळणाचा आहे, मला यंत्रं आवडत नाहीत, पण माझ्या डोळ्यांसमोर माणसं वाचली. पूर्वी दहातली सात परत प्यायची. राखण आल्यावर दोन-तीनच. सोयरिकीच्या बैठकीत पोरीचा बाप विचारायला लागला, नवऱ्यामुलाला राखण असेल तर वर्षभराचे रंग दाखवा. दुकानात ठेवून घेणारा मालकही विचारायला लागला. जगानं एकदा विश्वास ठेवायचं काम यंत्राकडे सोपवलं, की ते परत घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही.

एके दिवशी गट सुटल्यावर विश्वजित माझ्याबरोबर चालत निघाला. "काका," तो म्हणाला, "घरात माझ्याशी कुणी भांडत नाही."

"मग साखर वाट की."

"चेष्टा नाही करत. परवा माझ्याकडून दुधाचं पातेलं सांडलं. पूर्वी हर्षदानं घर डोक्यावर घेतलं असतं. आता हसून म्हणते, असू दे. पोरगी गणितात नापास झाली, ते मला दोन महिन्यांनी कळलं, तेही शाळेतनं. मी काय आचाऱ्याच्या चुलीवरची बासुंदी आहे का, नजर हटली की करपेल म्हणून?"

मी हसलो. पण मला त्याचं बरोबर वाटत होतं. व्यसन सुटायच्या पायऱ्या असतात. आधी नाकारायचं, मग कबूल करायचं, मग अंगातलं विष उतरताना थरथरायचं. इथवर कुणीही येतं. यापुढची पायरी कठीण. आपण शुद्धीत नसताना जे मोडलं ते शुद्धीत येऊन दुरुस्त करायचं. आमच्या गटात त्याला निस्तरणं म्हणतात. आणि ते करताना दुखतं. न दुखता निस्तरता येत नाही.

विश्वजितला निस्तरायचं होतं ते त्याच्या वडिलांशी.

माळेवाडीच्या तालमीचे वस्ताद विलास चौगुले, सगळे त्यांना आबा म्हणायचे. तासाभरावरचं गाव. विश्वजित त्याच तालमीत वाढला. पुढे पिण्यात बुडाला, आणि एका संध्याकाळी तर्र होऊन तालमीत शिरला. आबा काहीतरी बोलले. यानं कुस्तीच्या हौद्यात, सगळ्या पोरांसमोर, बापाच्या कानाखाली मारली. आबांना हा एका हातानं उचलून बाहेर फेकता आला असता. त्यांनी काही केलं नाही. पटका झटकला, डोक्याला गुंडाळला आणि घरी गेले. त्या दिवसानंतर आबांनी तालमीची पायरी चढली नाही. ज्या जागी पोरानं हात टाकला त्या जागी उभं राहून दुसऱ्यांच्या पोरांना काय शिकवणार?

"मला तालमीतच जायचंय," विश्वजित म्हणाला. "आबांना हाताला धरून तिथं न्यायचं आणि सगळ्यांसमोर पाय धरायचे. घरात गुपचूप धरले तर ते निस्तरणं नव्हं."

"मग जा की. कशाला थांबलायस?"

"हर्षदा म्हणते, थोडं थांबा. सारखं म्हणते."

मी त्याच आठवड्यात त्याच्या घरी गेलो. विश्वजित दुकानात होता. हर्षदानं चहा ठेवला. हसरी, टापटिपीची बाई, दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला गटारातून उचलून रिक्षात घालून केंद्रात नेणारी. तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच होता, आजही आहे. मी विषय काढला तसा तिनं फोन पुढे केला.

"तुम्हीच बघा काका."

पडद्यावर पिवळा रंग होता आणि खाली एक ओळ. 'विषय: वडील. ताण वाढवतो. सध्या टाळावा.'

"आबांचं नाव निघालं की आकडा चढतो," ती म्हणाली. "मागं एकदा जायची तयारी केली, तर निघायच्या आधीच तांबडा झाला. मी गाडी बिघडल्याचं खोटं सांगितलं आणि थांबवलं. दोन दिवसांत हिरवा झाला. मग माझं काय चुकलं?"

"बापाचे पाय धरायला निघालेल्या माणसाचा आकडा चढणार नाही तर काय होईल, पोरी?"

"आबांचा पण फोन येतो. म्हणतात, त्याला पाठव, मी आता थकलो. मी सांगितलं, डॉक्टर म्हणतात अजून नको. तर म्हणाले, त्याच्या तब्येतीपेक्षा माझं काय मोठं आहे, थांबतो मी."

तेवढ्यात भागातलं नेटवर्क गेलं. पडद्यावरचा रंग विझला. हर्षदानं फोन खिडकीत धरला, दारात धरला, परत खिडकीत धरला. चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, तिला कळलंही नाही. नेटवर्क आलं, तांबडा नाही, पिवळाच उमटला, तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "साखर किती?" साखर घालताना चमचा कपाला लागून वाजत होता.

ती थरथर मी ओळखतो. माझ्या हाताला ती वीस वर्षं होती. मला तेव्हाच बोलायला हवं होतं का, कोण जाणे. बोललो असतो तरी तिनं ऐकलं नसतं. पहिल्या पायरीवरचा माणूस ऐकत नाही.

पुढचं मला विश्वजितनं सांगितलं. पुढे एका दुपारी तो माझ्या दारात आला. केस विस्कटलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी आधी त्याचा वास घेतला, जुनी खोड. वास नव्हता.

आठवडाभर घरात काहीतरी विचित्र चाललं होतं, तो म्हणाला. डाळीला फोडणी नाही. पापड तळलेला नाही. शेजारणीनं हळदीकुंकवाला बोलावलं तर हर्षदानं कंबर धरल्याचं सांगितलं. केसांना तेल नाही. देवघरात दिवा नाही, म्हणे वाकता येत नाही. वाकून फरशी मात्र पुसत होती.

"काका, मी इतकी वर्षं बाटल्या लपवल्यात. तांदळाच्या डब्यात, फ्लशच्या टाकीत, पोरीच्या दप्तरातसुद्धा. लपवणारा माणूस घरात कसा चालतो ते मला कळतं. ती तशी चालत होती."

चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

पण काय लपवतेय ते त्याला कळेना. आज सकाळी आंघोळ करून तो सहज म्हणाला, तुझी कंबर धरलीय तर मीच लावतो दिवा. वात घातली, काडी ओढली. हर्षदा स्वयंपाकघरातून पळत आली आणि तिनं त्याच्या हातातली काडी फुंकून विझवली.

"दिवा लावू नका," ती म्हणाली.

आपल्याकडे घरात देवाला दिवा केव्हा लावत नाहीत, हे लहान पोरालाही माहीत आहे. जवळचं कुणी गेलं की दहा दिवस सुतक. बाई आठवडाभर नवऱ्याशी खोटं बोलली, हसून बोलली, पण सुतकात देवाला दिवा लावू देणं तिच्यानं झालं नाही. माणसाला फसवता येतं, देवाला कसं फसवायचं?

"मी विचारलं, कोण गेलं?" विश्वजित सांगत होता. त्याचा आवाज अगदी सपाट होता. "तिनं आधी फोन बघितला. माझ्याकडं बघितलं नाही. फोन बघितला, आकडा बघितला, सांगू का नको ते ठरवलं. मग म्हणाली, आबा."

आबा आठ दिवसांपूर्वी झोपेत गेले होते. चुलतभावाचा फोन हर्षदाला आला. विश्वजितच्या फोनवर गावाकडचे नंबर तिनंच कधीचे अडवून ठेवले होते. त्या दिवशी राखण पिवळी होती. हर्षदानं केंद्राच्या मदतक्रमांकाला विचारलं. तिथल्या यंत्रानं सांगितलं की अशा बातमीनंतर रुग्ण पुन्हा पिण्याची शक्यता फार मोठी आहे, हिरवा सलग टिकला की मग सांगावं. ती हिरवा टिकायची वाट बघत बसली. चुलतभावानं अग्नी दिला.

"गावात सगळे म्हणत असतील," विश्वजित म्हणाला, "पोरगा बापाच्या मातीला आला नाही, पिऊन पडला असेल कुठंतरी. जन्मात पहिल्यांदा शुद्धीत होतो काका. दुकानात बसून बॅटऱ्या बदलत होतो."

मला फार राग आला. कुणाचा ते ठरवता येईना. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण प्रेमानं घातलेलं होतं.

"चल," मी म्हणालो, आणि माळेवाडीला जायला स्कूटर काढली.

बायपासला परमिट रूमची रांगच आहे. तिसऱ्या की चौथ्या बारपाशी विश्वजितनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी स्कूटर थांबवली. तो मागे बसूनच त्या दाराकडे बघत राहिला. आतून तळलेल्या माशांचा वास येत होता.

"प्यावंसं वाटतंय?" मी विचारलं.

"लई वाटतंय."

"मग?"

"मग काय. वाटू दे. चला."

माझे डोळे भरले. मनापासून प्यावंसं वाटत असताना, कुणी अडवत नसताना, भर दुःखात तो माणूस नुसता 'चला' म्हणाला होता. या एका शब्दासाठी आम्ही त्या पोरांच्या बाकांवर बसतो. यंत्रानं त्याला तो म्हणूच दिला नव्हता. आणि जेव्हा त्याचा उपयोग व्हायला हवा होता, ती वेळ निघून गेली होती.

माळेवाडीत तालमीत चार-पाच पहिलवान जोर काढत होते. विश्वजितला बघून थांबले. कुणी या म्हणालं नाही. त्यानं दारात चपला काढल्या, शर्ट काढला आणि हौद्यात उतरला. तांबड्या मातीत आडवा झाला आणि कपाळ टेकलं. ज्या जागी त्यानं हात टाकला होता ती जागा त्याला नेमकी ठाऊक होती.

"आबा, चुकलो," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग परत म्हणाला. उत्तर देणारं कुणी नव्हतं. एक वयस्क पहिलवान भिंतीला टेकून उभा होता, तो म्हणाला, "रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचे. एसटी आली की बघायचे कोण उतरतंय." मग त्याचं त्यालाच सुधरेना, आणि तो बाहेर निघून गेला.

विश्वजित मातीतून उठला तेव्हा गळ्याखालच्या पट्टीवर माती बसली होती. त्यानं ती पट्टी सोलून काढली. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन चकतीही काढून घेतली. दहावं-तेरावं त्यानं केलं, आणि तो गावातच राहिला. सांगलीचं दुकान कामगारावर सोडलं. रोज सकाळी तालीम झाडतो, माती खणतो. तो पीत नाही. गाव अजून विश्वास ठेवत नाही, पण तो पीत नाही.

मी एकदा त्याला म्हणालो, "घरी जा रे. तिनं तुला वाचवलंय."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर शिव्या देता येत नाहीत. पण काका, मला तिची भीती वाटते. मी काय सांगितलं तरी ती फोनकडं बघणार. आता फोनात काही नाही, तरी बघणार."

मला वाटलं, हे तो रागानं बोलतोय.

त्यानंतर काही दिवसांनी गट बसला असताना दारात हर्षदा उभी दिसली. अंगानं निम्मी झाली होती. मी तिला आत बोलावलं, पुढच्या बाकावर जागा करून दिली. आमच्यात नव्या माणसानं उभं राहून नाव सांगायची पद्धत आहे. ती उभी राहिली.

"मी हर्षदा चौगुले," ती म्हणाली. "मी दारू पीत नाही. कधी घेतली नाही. मी इथं का आले ते मलाच नीट कळत नाही." कुणी हसलं नाही. "त्यांनी चकती काढली. पडद्यावर आता रंग येत नाही. नुसता करडा चौकोन येतो. मला माहीत आहे, त्यात काही नाही. तरी जेवताना बघते. पोरगी बोलत असते, तेव्हा बघते. आबा गेल्याचं कळलं तेव्हा मी रडायच्या आधी आकडा बघितला होता. त्यांना सांगायच्या आधीही बघितला, आणि ते त्यांना दिसलं. मला ते विसरता येत नाही."

ती खाली बसली. मग मी तिला विचारलं, आम्ही प्रत्येकाला विचारतो तेच. "शेवटचं कधी?"

"आज सकाळपासून एकदाही नाही," ती म्हणाली. "सोडलंय मी. आता काही अडचण नाही."

हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हणालो असेन. ते म्हणताना डोळे असेच स्वच्छ असतात.

मी किटलीतून चहा ओतला आणि कप तिच्यापुढे केला. तिनं तो डाव्या हातानं घेतला. उजवा हात पिशवीत होता, आणि पिशवीच्या कापडाखाली तिचा अंगठा हलत होता.